पोळ्याच्या करीचं मटण: नेहमीच्या खाटकाकडून की थेट शेळीवाल्याकडून?

दिघोरीकर

श्रावण संपत आला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि त्या दिवशी नागपुरात मटणाच्या दुकानापुढे काय होतं ते इथं कोणाला सांगायला नको. महिनाभर दाबून ठेवलेली भूक घेऊन लोक सकाळी सहापासून डबे धरून रांगेत. भाव चढलेला, खाटकाला मान वर करायला फुरसत नाही, 'रानाचं दे, थोडा सीना टाक' म्हणायची सोय नाही. तराजूत पडेल ते घ्यायचं आणि निघायचं.

यंदा आमच्या बिल्डिंगमधल्या काही घरांनी हिस्सा घालायचं, म्हणजे मिळून बोकड घेऊन मटण वाटून घ्यायचं, मनावर घेतलं आहे. एकाच्या ओळखीचा शेतकरी कुही तालुक्यात शेळ्या पाळतो. वर्षभराची दोन बोकडं द्यायला तयार आहे, वीस-बावीस किलोची. भाव जिवंत वजनावर साडेचारशे रुपये किलो, काही शेजाऱ्यांना तो महाग वाटतो. यावरून ग्रुपवर जी जुंपली आहे ती अजून थांबलेली नाही. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, मटण खायचं तर आपल्या मातीतलं, परगावचं ट्रकमध्ये कोंबून आणलेलं नको. आयटीतला एक मुलगा म्हणतो, ॲपवरून मागवा, थंडगार पाकिटात येतं, माशी बसत नाही. आमच्या सौ. म्हणतात, पंधरा वर्षांचा खाटीक सोडून दुसरीकडे गेलात तर दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जाणार?

जाणकारांनी सांगावं. भाव, आरोग्य, शेतकऱ्याचा फायदा, सगळं चालेल. झटका-हलाल आणि शाकाहार-मांसाहार हे दोन विषय मात्र कृपा करून आणू नका, ते दुसऱ्या धाग्यांवर भरपूर शिजले आहेत.

तर्रीबाज

हिस्स्याचं मटण! गावाकडे पळसाच्या पानावर वाटे लावलेले असायचे, प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी वजडी, एखादी नळी. कोणाला तक्रारीला जागा नाही. वाचतोय.

इतवारीचा_नातू

आमचा पिढीजात धंदा आहे म्हणून लिहितो. राग मानू नका, पण 'थेट शेतकऱ्याकडून' म्हणताना खाटीक म्हणजे नुसता सुरा चालवणारा असं लोकांना वाटतं.

बाबा बाजारात जातात तेव्हा बकऱ्याच्या पाठीवर, कंबरेच्या हाडाशी बोटं दाबून मांस किती ते पाहतात. तोंड उघडून दात पाहतात. दुधाचे दात असले तर कोवळं, दोन दात आलेले असले तर वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढचं, चार असले तर दोनाच्या घरात. डोळ्याची खालची पापणी ओढून लाली पाहतात, पांढरी दिसली की पोटात जंत. शेपटीखाली घाण असली तर हगवण. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. तुमच्या बिल्डिंगमधलं कोण हे करणार आहे?

आणि 'आपल्या मातीतलं' याचं सांगतो. नागपुरात बकरं चारी दिशांनी येतं. काटोल, उमरेड, रामटेककडचं येतं, तसंच छिंदवाडा, शिवनी, पांढुर्ण्याचंही येतं, राजस्थानची गाडीही येते. पांढुर्णा इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण राज्य दुसरं. धाराशिव आपल्या राज्यात, पण पाचशे किलोमीटरच्या वर. मग काकांच्या हिशेबानं आपली माती कोणती?

महालातली_सून

>पंधरा वर्षांचा खाटीक सोडून दुसरीकडे गेलात तर

यालाच माझा पाठिंबा. आमचा खाटीक सासऱ्यांना नावानं ओळखतो. बाळंतपणात त्यानं आठवणीनं पाये काढून ठेवले होते. ॲपवाला ठेवेल का?

पाकीटबंद

तो आयटीतला मुलगा मी नाही, पण मत तेच आहे. पाठीवर हात दाबणं वगैरे ठीक, पण त्यानंतर ते मटण दिवसभर उघड्यावर आकड्याला टांगलेलं असतं, शेजारून गटार वाहत असतं. लाकडी ओंडका पाण्यानं धुतला की झाला स्वच्छ. जवळचं-लांबचं मला माहीत नाही, शून्य ते चार अंशांत ठेवलेलं मटण मला उघड्यावरच्यापेक्षा बरं वाटतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत टांगलेलं मटण बघून पहा एकदा.

इतवारीचा_नातू

मे महिन्यात आमच्याकडे दहाच्या आत संपतं. उरलेलं फ्रीजरमध्ये. तुम्ही ज्या दुकानाचं वर्णन केलं तिथून घेऊ नका, इतकंच म्हणेन.

मांढळचा_शेळीवाला

धागा कोणीतरी पाठवला म्हणून खातं काढलं. मी तुमच्या ओळखीचा तो शेतकरी नोहो, पण कुही तालुक्यातलाच आहो अन् तीसेक शेळ्या आहेत. आमची बाजू सांगतो, आमच्याच बोलीत सांगतो.

व्यापारी घरी येते. बकऱ्याच्या पाठीवर हात मारते अन् अंदाजानं भाव बोलते. काटा आणत नाही. मी एक वर्षी लटकता काटा इकत घेतला अन् त्याच्यासमोर बोकड लटकवला तं व्यापारी म्हणे, भाऊ काट्यावर घेत नाही, नजरेवर घेतो. तुमचा बावीस किलोचा बोकड असंन तं तो सात-साडेसात हजार बोलते. काट्यावर काढलं तं किलोले सव्वातीनशेच्या आसपास पडते. पण तो नगद देते, अन् बोकडासंगं म्हातारी शेळीही घेऊन जाते, लंगडीही घेऊन जाते. पोराच्या फीसाठी रात्री फोन केला तं सकाळी येते. हे बी लिहा.

आता शहरातले लोक. फोन येते, दादा गावरान बोकड पायजे. कधी? करीले. नाहीतर धुळवडीले. मंग बाकी वर्षभर काय, बोकडं उपाशी ठेवू? सगळ्याइले एकाच दिवशी पायजे, सगळ्याइले कोवळंच पायजे, अन् वजडी-मुंडी कोणाले नको. 'दादा फक्त रान द्या, तीन किलो.' बोकडाले चारच पाय असते बाप्पा.

अन् चारा. लोक म्हणते जंगलात चरते, फुकटात होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमच्या पट्ट्यातली चराई गेली. जंगलात सोडलं तं फॉरेस्टवाले अन् बिबट, दोघंही पाहून राह्यले. म्हणून गोठ्यात ठेवतो. तुरीचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, सुबाभूळ, वरून मूठभर मका. साडेचारशे म्हणजे लूट नोहे.

दिघोरीकर

दादा, फार बरं झालं तुम्ही लिहिलंत. एक विचारतो. तुमच्याकडचा बोकड कोणत्या जातीचा? बेरारी म्हणतात तो?

मांढळचा_शेळीवाला

हो, बेरारीच. तांबूस-भुरा रंग अन् शिंगापासून नाकापर्यंत तोंडावर पट्टे. काही उस्मानाबादीच्या तरण्या शेळ्या आहेत, काळ्या. आधी आम्ही निस्तं 'गावठी' म्हणत होतो. तिची जात म्हणून सरकारात नोंद झाली हे आमाले नंतर कळलं.

जनावरांचा_डॉक्टर

बेरारी ही नोंदणीकृत जात आहे, नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातली. इथल्या उन्हाला आणि कुटाराच्या खुराकाला ती सरावलेली आहे. शिरोही किंवा जमनापारीचा मोठा बोकड आणून वजन वाढवायच्या मागे लागलेले बरेच गोठे पहिल्या पावसाळ्यातच आजारी पडताना मी पाहिले आहेत. पण मूळ प्रश्न आरोग्याचा आहे, त्यावर सविस्तर लिहितो. सेमिनरी हिल्सच्या आमच्या कॉलेजात शिकलो आणि अर्धं आयुष्य याच कामात गेलं.

एक. महानगरपालिकेच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. २००१ चे कत्तलखान्याबाबतचे केंद्रीय नियम तसं स्पष्ट सांगतात. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हिस्सा घालायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. गाभण किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादीही कापता येत नाही.

दोन. हा नियम नुसता कागदी नाही. कापण्याआधी आणि कापल्यानंतर तपासणी यासाठी असते की काही गोष्टी बाहेरून दिसतच नाहीत. काळजात चपटे कृमी असतात, तळ्याकाठी चरणाऱ्या शेळ्यांत तर हमखास. काळजावर आणि फुप्फुसावर पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. अशी गाठ दिसली की लोक तेवढा तुकडा कापून कुत्र्याला टाकतात, हे सर्वांत वाईट. त्या गाठीतला कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि पुन्हा शेळीला लागण होते. माणसालाही होते. असा भाग जाळा किंवा खोल पुरा.

तीन. जवळचं म्हणून औषधविरहित, असं अजिबात नाही. गावातलं मेडिकल काउंटरवरून औषध देतं आणि शेतकरी अंदाजानं टोचतो. प्रत्येक औषधानंतर काही काळ ते जनावर कापायचं नसतं. जंताच्या काही औषधांना हा काळ आठवड्यांत मोजावा लागतो. शेवटचं औषध कधी आणि कोणतं दिलं, हा प्रश्न शेळीवाल्याला विचारा. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस झाली का तेही विचारा. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर उत्तम. मांढळच्या दादांसारखे लोक नोंदवही ठेवतात, सगळेच ठेवत नाहीत.

कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक सर्रास वापरलं जायचं. ते माणसासाठी शेवटच्या फळीचं औषध, म्हणून खाद्यप्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्रानं २०१९ मध्ये बंदी आणली. ती बंदी पाळली जाते की नाही हे गिऱ्हाईक डोळ्यांनी ओळखू शकत नाही, मग दुकान कोपऱ्यावरचं असो की मॉलमधलं.

कांदेपोहे_नको

डॉक्टरसाहेब, मग परसातली गावरान कोंबडी तरी निर्धोक ना? आम्ही रविवारी शहराबाहेर ढाब्यावर जातो खास त्यासाठी.

जनावरांचा_डॉक्टर

परसातली कोंबडी उकिरड्यावर हिंडते, जंगली पक्ष्यांत मिसळते. बर्ड फ्लू असा पसरायला वाव मिळतो. २०२४ च्या शेवटी गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं गेले, तेव्हा संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसावरच होता. नीट शिजवलेल्या कोंबडीतून माणसाला धोका नाही. कच्ची हाताळताना काळजी घ्या, आणि सिंकमध्ये नळाखाली खळाखळा धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर जातात.

राहता राहिलं ढाब्यावरचं. तिथली तांबडी कोंबडी बहुतेक वेळा वनराजा, ग्रामप्रिया किंवा गिरिराजा असते. पहिल्या दोन हैदराबादच्या सरकारी संस्थेत तयार झालेल्या, तिसरी बंगळुरूची. वाईट नाहीत, शेतकऱ्याला परवडतात, पण आजीच्या परसातली कोंबडी ही नव्हे. कधीकधी तर अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडीही त्याच नावानं खपते. मांस चिवट म्हणजे गावरान, असा गिऱ्हाइकाचा समज असतो आणि म्हातारी लेअर चिवट असतेच.

कांदेपोहे_नको

रविवार बरबाद केलात.

बर्लिनवासी_धंतोलीकर

इथे शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. प्रत्येक तुकड्यावर शेताचं नाव, जनावराची जात, कापल्याची तारीख. आपल्याकडे लोकांना जागरूकताच नाही. स्थानिक मांस घेणं म्हणजे प्रदूषण कमी करणं, इतकं साधं गणित आहे. ट्रकचं डिझेल वाचतं.

आकडेमोड्या

धंतोलीकर, गणित इतकं साधं नाही. पुअर आणि नेमेचेक यांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' मध्ये आला होता, ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांची माहिती घेऊन. बहुतेक अन्नांत वाहतुकीचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या दहा टक्क्यांच्या आत आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसात तर नगण्यच, कारण खरा भार त्यांच्या पोटातून येणाऱ्या मिथेनचा. कुहीची शेळी आणि शिवनीची शेळी सारखंच ढेकर देतात. हवामानासाठी मटण सोडून कोंबडी खाल्लीत तर फरक पडेल, शिवनी सोडून कुही धरल्यानं पडणार नाही.

कुहीचं मटण घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. घ्या, पण डिझेलच्या नावानं घेऊ नका.

बर्लिनवासी_धंतोलीकर

बरं. पण जनावराला ट्रकमध्ये कोंबून चारशे किलोमीटर आणायचं, उन्हात, पाण्याशिवाय, हे तरी टळतं ना?

आकडेमोड्या

हो, हे पटलं. या एका कारणासाठी मी जवळचं जास्त पैसे देऊनही घेईन.

तर्रीबाज

कोणीतरी भावाचा हिशेब करा रे. साडेचारशे जिवंत म्हणजे ताटात किती?

आकडेमोड्या

वीस किलोचं बोकड धरा. ९,००० रुपये. शेळीत मटणाचा उतारा साधारण ४५ ते ५० टक्के, म्हणजे साडेनऊ किलो. किलोला साडेनऊशेच्या जवळ. दुकानात आठशेनं मिळतंय, तेव्हा दिघोरीकरांचे शेजारी 'महाग' म्हणतात ते खोटं नाही.

पण हा हिशेब रान-सीना खाणाऱ्यांचा झाला. कलेजी, दिल, गुर्दे, मुंडी, पाये, वजडी सगळं घेतलं तर खाण्याजोगं बारा किलोच्या आसपास जातं आणि भाव साडेसातशेवर येतो. खाटीक याच्यावरच तर जगतो. तो मुंडी वेगळी विकतो, वजडी वेगळी विकतो.

इतवारीचा_नातू

हिशेब बरोबर. पूर्वी कातड्याचेही पैसे यायचे, आता कातडं कोणी विचारत नाही, उलट उचलून न्यायला माणूस शोधावा लागतो. त्यात बंदचे दिवस. २०२५ मध्ये १५ ऑगस्टलाही मनपानं दुकानं बंद ठेवायला लावली. त्या दिवशी बकरं खातंच ना? चारा आमच्या खिशातून.

साधा_माणूस_हुडकेश्वर

मगाशी डॉक्टरांनी आणि आकडेमोड्यांनी कोंबडीचा विषय काढला म्हणून बोलतो. आठशेचं मटण, साडेनऊशेचं बोकड हे सगळं तुम्हा लोकांचं चाललंय. माझ्या घरी महिन्यातून दोनदा ब्रॉयलर येतो, तेवढंच परवडतं. आणि एक सांगू? नागपुरात खऱ्या अर्थानं जवळचं मांस तोच आहे.

मी सहा वर्षं खाद्याच्या गाडीवर होतो, म्हणून माहीत आहे. ब्रॉयलर लांबून आणता येत नाही, उन्हाळ्यात गाडीतच मरतो. तो नागपूर, वर्धा, अमरावतीच्या शेडमधूनच येतो, बहुतेक वेळा तुमच्या घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावरून. खाद्यात सोयाबीनची पेंड आणि मका. सोयाबीन तर आपल्याच शेतातलं. चाळीसेक दिवसांत दोन किलोचा होतो. शेतकरीही इथलाच. मग त्याला कोणी 'आपल्या मातीतला' का म्हणत नाही? त्याला इंजेक्शनवाला म्हणतात.

मांढळचा_शेळीवाला

हे खरं हाय. माह्या भाच्याचं शेड आहे. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेड अन् वीज अन् मरमर भाच्याची. किलोमागं ठरलेले पैसे मिळते. मे महिन्यात पडद्यावर पाणी मारत रात्र काढते, तरी दुपारी मरतुक होतेच. पण भाव पडला तं त्याचं नुकसान कंपनीच्या अंगावर, म्हणून तो खूश आहे. मले म्हणते, मामा तुमच्या शेळ्या इकायले तुमालेच फोन करत बसा लागते.

जनावरांचा_डॉक्टर

इंजेक्शनचा गैरसमज दूर करतो. ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शनं देत नाहीत, हजारो पिल्लांना एकेक टोचत बसणं परवडणारच नाही. वाढ जातीमुळे आणि खाद्यामुळे होते. किलोभर वजनाला पावणेदोन किलोही खाद्य लागत नाही. काळजी करायची ती प्रतिजैविकांची, आणि पाय न पेलवणाऱ्या शरीराची. ज्यांना प्राण्याच्या हालांचं वाटतं त्यांनी ब्रॉयलरच्या शेडमध्ये शेवटच्या आठवड्यात एकदा जाऊन यावं.

फक्त_वरणभात

म्हणजे सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे...

संपादक

धागाकर्त्यानं विनंती केली आहे. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

सावजीची_लेक

सगळे बोलले, चुलीपाशी कोणी गेलं नाही. आमच्या हलबा-कोष्टी घरांत मटण कुठून आलं हे आधी रश्श्याला कळतं. फार कोवळं बोकड सावजीला चालत नाही. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, खसखस, वरून जवसाचं तेल, एवढ्या माऱ्यात कोवळं मटण विरघळून जातं, दाताखाली काही येतच नाही. वर्ष-सव्वा वर्षाचं, हाडाला लागून पातळ चरबी असलेलं पाहिजे. कुटारावर वाढलेल्या बोकडाची चरबी घट्ट असते, तर्री सुरेख सुटते. मक्यावर ठासून वाढवलेल्याची चरबी थिजली की तोंडाला चिकटते.

आणि वजडी नको म्हणणाऱ्यांनी वजडी चुन्यानं साफ करून, तासभर शिजवून, मग परतून खाऊन पाहा. हिस्सा घालताय तर निम्मी चव त्यात आहे.

एक मात्र सांगते. कापल्याबरोबर गरम मटण चुलीवर टाकलं तर ते आखडतं. चार-सहा तास थंड जागी राहू द्या, जमलं तर रात्रभर. करीच्या दिवशी सकाळी आठला कापून अकराला जेवायला बसायची घाई असते, म्हणूनच बहुतेकांचं करीचं मटण वातड होतं आणि शिव्या खाटकाला पडतात.

पाकीटबंद

म्हणजे थंड ठेवलेलं मटण बरं असतं, असंच ना?

सावजीची_लेक

हो बाबा, तेवढं बरोबर आहे तुझं.

महालातली_सून

आदल्या दिवशी कापून आणायचं म्हणाल तर तो पोळ्याचा दिवस. आमच्या घरी सासूबाई बैल पुजायच्या दिवशी मटण फ्रीजमध्येसुद्धा ठेवू देणार नाहीत.

साधा_माणूस_हुडकेश्वर

सरकार शेळीपालनाला लाखोंचं अनुदान देतं म्हणतात, मग साडेचारशे भाव कशाला?

मांढळचा_शेळीवाला

राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, खरं आहे. पण कमीत कमी शंभर शेळ्या अन् पाच बोकडांचा गट लागते, त्याले १० लाखांपर्यंत मिळते. बाकीचे पैसे बँकेकडून आणा नाहीतर घरचे टाका. तीस शेळ्यावाल्याले त्यात जागा नाही. ज्याच्याजोळ शंभर शेळ्याचे पैसे आहेत तो माह्यासारखा फोन उचलत बसते काय?

दिघोरीकर

सगळ्यांचे आभार. काल बिल्डिंगच्या गच्चीवर बैठक झाली, या धाग्यातले बरेच प्रतिसाद वाचून दाखवले. खालच्या काकांना पांढुर्ण्याचा मुद्दा आवडला नाही. दोन घरं गळाली, त्यांना रान आणि चापच पाहिजेत, त्यांनी ॲपवर नोंदवलंही. उरलेल्यांनी असं ठरवलं: बोकडं दोनच, काट्यावर, आणि अर्धे पैसे आत्ताच पाठवायचे. मांढळच्या दादांचं ते 'बाकी वर्षभर काय' वाचून आमच्यातल्या एका ताईंनी सुचवलं की दर दोन महिन्यांनी एक बोकड घेऊ, सणासुदीचा संबंध नको. चार घरं तयार झाली, बाकीचे 'बघू' म्हणाले. सौ.च्या आग्रहानं बोकडं आमच्या नेहमीच्या खाटकाकडेच न्यायची, तो मनपाच्या कत्तलखान्यातून रीतसर करून देईल. त्याला विचारलं तर म्हणाला, कर सोडून कोणत्याही दिवशी आणा. आता करीच्या दिवशी कोण करून देईल?

इतवारीचा_नातू

बाबांना विचारलं. ते म्हणतात, पहाटे पाचच्या आत बोकडं पोहोचली तर करून देऊ. तपासणीची पावती, कापणावळ आणि तुकडे करायचे वेगळे पैसे, आधीच सांगतो. मुंडी भाजून देणार नाही, त्या दिवशी वेळ नसतो. गाडी आठच्या आत इतवारीतून बाहेर काढा, मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत अडकाल.

दिघोरीकर

चालेल. शेळीवाल्याला काय सांगू? पोळ्याच्या संध्याकाळीच घेऊन येतो म्हणतोय, उमरेड रोडवर रात्री गाडी नको म्हणून. रात्रभर आमच्या पार्किंगमध्ये बांधावी लागतील.

जनावरांचा_डॉक्टर

बांधा, पण दोरी आखूड नको आणि मुलांना पोळ्या खाऊ घालू देऊ नका. रात्री चारा द्यायचा नाही, पोट रिकामं असलं की कापताना आतडं फुटून मटण खराब होत नाही. पाणी मात्र भरपूर ठेवा. आणि वजन घरी आल्यावर करू नका, गोठ्यातून निघतानाच करा. प्रवासात बोकड किलो-दीड किलोनं उतरतं, मग तुम्ही आणि शेळीवाला काट्यावरून भांडाल.

मांढळचा_शेळीवाला

डॉक्टरसाहेबाचं शेवटचं वाक्य जोरात वाचून दाखवा तुमच्या बिल्डिंगमंधी.